बहुवळणी पुरुषाचा गौरव आणि त्याची किंमत : ओडिसियसच्या प्रतिमेचा ऐतिहासिक मागोवा

ग्रीक पुराणकथांतील वीरांमध्ये ओडिसियसच्या वाट्याला आलेले कौतुक जितके दीर्घजीवी, तितकेच वादग्रस्त ठरले आहे. अकिलीजच्या शौर्याविषयी किंवा हेक्टरच्या कर्तव्यनिष्ठेविषयी रसिकांत फारसे मतभेद आढळत नाहीत. इथाकेच्या या राजाविषयी मात्र गेली सुमारे अडीच हजार वर्षे दोन निकाल शेजारीशेजारी नांदत आले आहेत. एका परंपरेने त्याला प्रज्ञेचा आणि सोशिकतेचा आदर्श मानले. दुसरीने त्याला मतलबी, गोडबोल्या आणि निर्दय कपटी ठरवले. हे दोन्ही निकाल एकाच व्यक्तिरेखेतून निघाले असल्यामुळे ओडिसियसच्या गौरवाचा इतिहास हा केवळ एका वीराच्या लोकप्रियतेचा इतिहास राहत नाही. बुद्धीने मिळवलेल्या यशाला दाद देताना त्या यशाची किंमत कोणी चुकवली हे विचारायचे की नाही, या प्रश्नाला निरनिराळ्या काळांनी दिलेल्या उत्तरांचा तो इतिहास आहे. त्यातील काही महत्त्वाचे टप्पे येथे तपासावयाचे आहेत.

१. एका विशेषणाचा प्रश्न

‘ओडिसी’ हे महाकाव्य २४ सर्गांचे असून त्याच्या पंक्ती बारा हजारांहून थोड्या अधिक आहेत. आरंभीच्या पंक्तीत नायकाचे नाव नाही. आहे ते केवळ एक विशेषण, ‘पॉलिट्रोपॉस’. नाव उच्चारले जाते ते थेट एकविसाव्या पंक्तीत. हे विशेषण होमरने फार जपून वापरले आहे. आरंभानंतर ते पुन्हा येते ते दहाव्या सर्गात, सर्सी नायकाला ओळखते त्या क्षणी. शब्दाचा धात्वर्थ ‘पुष्कळ वळणांचा’ असा. ही वळणे प्रवासाची, की मनाची, की वाणीची, याचा उलगडा शब्द स्वतः करीत नाही. ज्याला नियतीने अनेक वाटांवर फिरवले तो, आणि जो स्वतः प्रसंगानुरूप अनेक वळणे घेतो तो, असे दोन्ही अर्थ त्यात एकत्र नांदतात. पहिला अर्थ नायकाविषयी करुणा जागवतो, दुसरा कौतुक आणि संशय.

या द्वयर्थाशी प्राचीन काळापासूनच झुंज चालू आहे. सॉक्रेटिसचा शिष्य अँटिस्थेनीस याने हा शब्द निंदाव्यंजक नसून श्रोत्यानुसार वाणीचे रूप बदलण्याच्या कौशल्याचा निदर्शक आहे, असे प्रतिपादन केले. असे समर्थन करावे लागले, यातच आक्षेप तेव्हा रूढ होता हे दिसून येते. इ.स.पू. तिसऱ्या शतकात लिव्हिअस अँड्रोनिकसने ‘ओडिसी’ लॅटिनमध्ये आणली, तेव्हा त्याने ‘वळणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला ‘व्हर्सुतुस’ हा शब्द निवडला. लॅटिन व्यवहारात त्यातून ‘चलाख’ आणि ‘लबाड’ अशा दोन्ही छटा व्यक्त होत. एमिली विल्सन यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी भाषांतरात नायकाला ‘गुंतागुंतीचा’ म्हटले आणि त्या एका शब्दावर मोठी चर्चा झाली.

मराठीतही ही अडचण जशीच्या तशी उभी राहते. ‘चतुर’ म्हटले की कौतुक पुरे होते, पण धोका नाहीसा होतो. ‘कपटी’ म्हटले की धोका उरतो आणि कौतुक संपते. ‘धूर्त’, ‘हिकमती’, ‘बेरकी’ हे शब्द बोलणाऱ्याच्या सुरानुसार स्तुती किंवा निंदा होऊ शकतात, म्हणून ते मूळ शब्दाच्या अधिक जवळचे. परंतु प्रवासाचे वळण त्यांपैकी एकातही येत नाही. ‘बहुवळणी’ असा घडवलेला शब्द ही उणीव काहीशी भरून काढतो. शब्दनिवडीचा हा पेच वरवर भाषांतरकाराचा वाटतो. प्रत्यक्षात पहिल्याच पंक्तीत त्याला नायकाविषयी निकाल द्यावा लागतो.

२. महाकाव्यातील कौतुक

ओडिसियसच्या बुद्धीला ग्रीकांनी ‘मेटिस’ असे नाव दिले होते. मार्सेल देत्येन आणि झाँ-पिएर व्हेर्नाँ यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या संकल्पनेची सविस्तर मांडणी केली. ‘मेटिस’ म्हणजे शाश्वत सत्याचे ज्ञान नव्हे. सुकाणू धरणारा नाविक, सापळा लावणारा शिकारी, लाकूड जोखणारा सुतार यांच्याजवळ असणारी, क्षणाक्षणाला बदलणाऱ्या परिस्थितीवर मात करणारी ही बुद्धी होय. दुबळ्याला बलिष्ठावर विजय मिळवून देणे हे तिचे मुख्य कार्य.

नवव्या सर्गातील पॉलिफिमसचा प्रसंग हे तिचे सर्वश्रुत उदाहरण. एकाक्ष राक्षसाला ओडिसियस आपले नाव ‘ऊटिस’, म्हणजे ‘कोणी नाही’, असे सांगतो. डोळा फोडला गेल्यावर पॉलिफिमस टाहो फोडतो, तेव्हा शेजारी विचारतात आणि ‘कोणी नाही’ मला मारतो आहे, असे उत्तर मिळताच निघून जातात. या प्रसंगातील दुसरा श्लेष ग्रीक भाषेबाहेर सहसा पोहोचत नाही. ग्रीकमध्ये नकारदर्शक शब्द दोन आहेत आणि ‘जर’ने आरंभ होणाऱ्या वाक्यात दुसरा वापरावा लागतो. त्यामुळे शेजाऱ्यांच्या तोंडी ‘ऊटिस’चे ‘मे टिस’ होते आणि ऐकणाऱ्याच्या कानी पडते ते ‘मेटिस’. तुला कोणी मारीत नाही ना, असे विचारताना शेजारी नकळत खरा मारेकरी कोण ते सांगून जातात. ओडिसियस त्यावर मनातल्या मनात हसतो.

तथापि होमर येथे थांबत नाही. सुटका झाल्यावर, साथीदार विनवीत असतानाही, ओडिसियस गलबतावरून आपले खरे नाव, पित्याचे नाव आणि गाव ओरडून सांगतो. नाव हाती आल्यामुळेच पॉलिफिमसला पित्याकडे, पोसायडनकडे, शाप मागता येतो. ‘कोणी नाही’ होऊन जीव वाचवणाऱ्या बुद्धीला कीर्तीचा मोह आवरत नाही, आणि त्या मोहाचे फळ साथीदारांच्या वाट्याला येते. कौतुक आणि त्याची किंमत या दोन्ही गोष्टी कवीने एकाच प्रसंगात ठेवल्या आहेत.

महाकाव्यात नायकाचे सर्वांत मनःपूर्वक कौतुक करते ती अथीना. तेराव्या सर्गात, वीस वर्षांनी मायभूमीवर पाय ठेवलेला ओडिसियस समोर आलेल्या तरुण धनगराला आपण क्रीटहून पळून आलेला मनुष्य असल्याची रचलेली कथा सांगतो. तो धनगर म्हणजे वेष पालटलेली अथीनाच असते. असत्य ऐकून देवी कोपत नाही. ती हसते, त्याला प्रेमाने स्पर्श करते, आणि मर्त्यांमध्ये तू जसा तशी देवांमध्ये मी, असे साम्य सांगते. असत्याबद्दल देवतेकडून मिळालेली अशी जिव्हाळ्याची दाद अभिजात साहित्यात विरळाच. अकराव्या सर्गात राजा अल्किनूसही, ओडिसियसचे कथन मध्येच थांबले असता, तू खोटे रचणाऱ्या भटक्यांसारखा दिसत नाहीस, तू तर गायकासारखे कथन केलेस, अशी प्रशंसा करतो. येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. नवव्या ते बाराव्या सर्गांतील राक्षस, मायाविनी, मृतांचा लोक आणि सायरेन यांचा सारा वृत्तांत ओडिसियसच्याच तोंडी आहे. साक्षीदार सर्व मृत आहेत. ज्याच्या कर्तृत्वाचे कौतुक करावयाचे, त्या कर्तृत्वाचा एकमेव निवेदकही तोच आहे.

साथीदारांच्या मृत्यूचा हिशेब मांडल्यास ही बाब अधिक ठळक होते. साथीदार आपल्याच अविचाराने, सूर्यदेवाची गुरे खाऊन, नाश पावले, असे महाकाव्याच्या आरंभी सांगितले आहे. पण ट्रॉयहून निघालेल्या बारा गलबतांपैकी अकरा त्यापूर्वीच लेस्ट्रिगोनियनांच्या बंदरात, माणसांसह, नष्ट झालेली असतात. त्या प्रसंगी ओडिसियसने स्वतःचे गलबत तेवढे बंदराबाहेर बांधून ठेवले होते. याचा अर्थ असा की, आरंभी केलेला नायकाचा बचाव बारांपैकी केवळ एका गलबताला लागू पडतो. कवीने हा बचाव सांगितला आणि तो अपुरा पडतो हे दाखवणारे तपशीलही नायकाच्याच तोंडी ठेवले.

३. अथेन्समधील आक्षेप

आक्षेपाची परंपरा होमरपासूनच सुरू होते. ‘इलियड’च्या नवव्या सर्गात ओडिसियस समजूत घालावयास आला असता, जो मनात एक ठेवून ओठांवर दुसरे आणतो त्याचा आपल्याला तिटकारा आहे, असे अकिलीज सुनावतो. इ.स.पू. पाचव्या शतकात हा सूर तीव्र झाला. ओडिसियसला लाभलेली ख्याती त्याने सोसलेल्या दुःखांहून मोठी आहे आणि ती होमरच्या मधुर वाणीने वाढवली आहे, असे पिंडारने एका विजयगीतात सुचवले. पॅलमेडीसची कथा तर होमरने मुळीच सांगितलेली नाही. युद्ध टाळण्यासाठी ओडिसियसने घेतलेले वेडाचे सोंग पॅलमेडीसने उघडे पाडले. पुढे ओडिसियसने त्याचा सूड म्हणून कपटाने त्याचा जीव घेतला, अशी ती कथा. गॉर्जिअसने पॅलमेडीसच्या बचावाचे भाषण रचले. प्लेटोच्या ‘अपॉलजी’त मृत्युदंड झालेला सॉक्रेटिस परलोकात अन्यायाने मेलेल्या पॅलमेडीसला भेटण्याची इच्छा व्यक्त करतो. निरपराध बुद्धिमंताला चतुराने मारले, हे या कथेचे मर्म सॉक्रेटिसच्या प्रसंगात फार जवळचे ठरले.

सोफोक्लीजच्या दोन नाटकांत या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात. ‘एजॅक्स’मधील ओडिसियस मृत शत्रूच्या दफनासाठी स्वपक्षाशी वाद घालतो. आज याची जी गती झाली ती उद्या आपलीही होऊ शकते, ही जाणीव त्याच्या बुद्धीला उदारता देते. इ.स.पू. ४०९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘फिलोक्टेटीस’मध्ये हाच ओडिसियस जखमेमुळे बेटावर सोडून दिलेल्या योद्ध्याचे धनुष्य फसवून आणण्यासाठी कोवळ्या निओप्टोलेमसचा उपयोग करतो. एक दिवस लाज सोड, मग आयुष्यभर सज्जन म्हणून मिरव, असा त्याच्या उपदेशाचा आशय. निओप्टोलेमस प्रथम वश होतो, पण फिलोक्टेटीसच्या वेदना पाहून धनुष्य परत करतो. दोन वर्षांपूर्वीच अथेन्सने लोकशाही उलथवणारा उठाव अनुभवला होता. सभेत शब्दांच्या बळावर काय घडते हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकांसमोर हा ओडिसियस बोलत होता. एकाच नाटककाराने ही दोन रूपे रंगवली, हे महत्त्वाचे. बुद्धी तीच, पण ती करुणेच्या बाजूला गेली तर एक माणूस आणि केवळ कार्यसिद्धीच्या बाजूला गेली तर दुसरा.

४. रोम आणि दान्ते

रोमन जगात ओडिसियस, तेथील नावाने युलिसीस, पुन्हा दुभंगला. स्टोइक विचारवंतांनी त्याला संकटांत न डगमगणाऱ्या ज्ञानी पुरुषाचा नमुना मानले. सायरेनांनी त्याला मोहात पाडले ते गोड गळ्याने नव्हे, तर ज्ञानाच्या आश्वासनाने, असे सिसेरोचे भाष्य आहे. परंतु रोमन स्वतःला ट्रॉयच्या ईनिअसचे वंशज समजत. व्हर्जिलच्या ‘ईनिड’च्या दुसऱ्या सर्गात लाकडी घोड्याची कथा पराभूतांच्या बाजूने सांगितली जाते, आणि तिथे युलिसीसची हुशारी ही शहर जाळणारी हुशारी आहे. एकच युक्ती विजेत्याच्या गीतात पराक्रम ठरते आणि जिवंत उरलेल्याच्या आठवणीत विश्वासघात.

दान्तेला ग्रीक येत नव्हते आणि होमर त्याच्या वाचनात नव्हता. ‘इन्फर्नो’च्या सव्विसाव्या सर्गात त्याने युलिसीसला कपटी सल्लागारांमध्ये, डायोमीडीससह एकाच दुभंगलेल्या ज्वाळेत ठेवले. पण या ज्वाळेतून येणारी कथा होमरमध्ये नाही. हा युलिसीस घरी परतलाच नाही. पुत्राची माया, वृद्ध पित्याविषयीचे कर्तव्य, पेनेलपीचे प्रेम यांपैकी काहीही त्याची जग जाणण्याची ओढ आवरू शकले नाही. अवघ्या तीन कडव्यांच्या भाषणात त्याने म्हाताऱ्या साथीदारांना, पशूप्रमाणे जगण्यासाठी तुम्ही जन्मला नाहीत, असे सांगून हर्क्युलीजच्या स्तंभांपलीकडे नेले आणि पर्वत दृष्टीस पडताच गलबत बुडाले. दान्तेने त्याला नरकात टाकले, तरी त्याच्या तोंडी आपली सर्वोत्तम वाणी ठेवली. १३०२ मध्ये फ्लॉरेन्समधून हद्दपार झालेला आणि पुन्हा कधीही घरी न परतलेला कवी घरी न परतलेल्या या प्रवाशाकडे केवळ न्यायाधीशाच्या नजरेने पाहू शकला नसावा.

५. आधुनिक काळ

आधुनिक काळाने दान्तेचा प्रवासी उचलला आणि शिक्षा वगळली. मित्र आर्थर हॅलमच्या मृत्यूनंतर १८३३ मध्ये टेनिसनने लिहिलेली आणि १८४२ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘युलिसीस’ ही कविता वार्धक्यातही न खचणाऱ्या इच्छाशक्तीचे स्तोत्र म्हणून वाचली गेली. जेम्स जॉइसने शाळकरी वयातच युलिसीसला आपला आवडता वीर मानले होते. पुत्र, पिता, पती, राजा, युद्ध टाळू पाहणारा आणि तरी लढणारा असा परिपूर्ण मनुष्य साहित्यात दुसरा नाही, असे त्याचे मत होते. १९२२ च्या ‘युलिसीस’ या कादंबरीत त्याने हे गुण डब्लिनमधील एका जाहिरात-दलालाच्या एका दिवसात उतरवले आणि वीराचे धनुष्यबाण काढून घेतले. कझान्तझाकिसने मात्र १९३८ मध्ये ३३,३३३ पंक्तींचे उत्तरकाव्य रचून त्याला पुन्हा घराबाहेर काढले.

दुसऱ्या महायुद्धाने या कौतुकाची कठोर परीक्षा घेतली. अमेरिकेत निर्वासित असताना होर्कहायमर आणि अडोर्नो यांनी लिहिलेल्या, १९४७ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या ‘प्रबोधनाचे द्वंद्व’ या ग्रंथात ओडिसियस हा आधुनिक माणसाचा पूर्वज ठरतो. सायरेनांचे गीत ऐकण्यासाठी तो स्वतःला डोलकाठीला बांधून घेतो आणि वल्हेकऱ्यांच्या कानांत मेण घालतो. धनी ऐकतो पण हलू शकत नाही; मजूर वल्हवतात पण ऐकू शकत नाहीत. निसर्गावरील विजय, स्वतःवरील दमन आणि इतरांचे श्रम या तिन्ही गोष्टी त्यांना या एका दृश्यात दिसल्या.

त्याच वर्षी प्रिमो लेव्ही यांचे आउश्वित्झविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातील एका प्रकरणात, सूपचे पातेले आणण्यासाठी चालत जाताना, लेव्ही एका तरुण सहबंद्याला इटालियन शिकवण्याच्या निमित्ताने दान्तेचा युलिसीस-सर्ग आठवून सांगू लागतात. काही ओळी आठवतात, काही आठवत नाहीत. पशूप्रमाणे जगण्यासाठी तुम्ही जन्मला नाहीत, हा आशय येताच क्षणभर आपण कोण आणि कोठे आहोत याचा त्यांना विसर पडतो. ज्या भाषणाने दान्तेच्या कथेत साथीदार बुडाले, तेच येथे माणूसपणाची साक्ष झाले. एकाच वर्षी छापल्या गेलेल्या या दोन वाचनांपैकी कोणतेही एक दुसऱ्याला रद्द करू शकत नाही.

६. महाभारताशी तुलना

होमरची काव्ये भारतीय लोक आपल्या भाषेत गातात, असे डायो क्रिसोस्टोमने इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास म्हटले. त्याच्या कानी बहुधा महाभारताची वार्ता आली असावी. स्वयंवरातील धनुष्य, वेषांतर, पतीचे अज्ञात रूपात परतणे इत्यादी साम्ये तेव्हापासून अनेकांना खुणावत आली आहेत. ओडिसियसच्या संदर्भात मात्र त्याहून महत्त्वाची तुलना युक्तीच्या नैतिक हिशेबाची आहे. द्रोणपर्वात कृष्णाच्या सल्ल्यावरून अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला जातो आणि युधिष्ठिर अर्धसत्य उच्चारतो. त्या क्षणी जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ भूमीला टेकतो. स्वर्गारोहणपर्वात इंद्र त्याला सांगतो, की तू द्रोणाला पुत्राविषयी कपटाने फसवलेस, म्हणून तुलाही कपटानेच नरक दाखवला गेला. ‘ऊटिस’ आणि हा प्रसंग, दोन्हींत नावाच्या श्लेषाने बलिष्ठाचा पाडाव होतो. अथीना असत्यावर हसते. इंद्र असत्याचा हिशेब मांडतो. होमरच्या जगात युक्तीचे परिणाम दुसरे भोगतात आणि महाभारतात ते बोलणाऱ्याच्या रथापर्यंत पोहोचतात. होमरच्या नायकाला नरक दाखवण्याचे काम दोन हजार वर्षांनी दान्तेला करावे लागले.

७. बाविसाव्या सर्गानंतर

१०८ मागणीदारांच्या वधानंतर बाविसाव्या सर्गात बारा दासींना फाशी दिली जाते. त्यांपूर्वी त्यांच्याकडूनच प्रेते हलवून आणि आसने धुऊन घेतली जातात. होमरने जाळ्यात सापडलेल्या पक्ष्यांची उपमा देऊन, त्यांचे पाय थोडा वेळच तडफडले, एवढे सांगितले आहे. शतकानुशतके हा प्रसंग न्यायाचा भाग म्हणून वाचला गेला. मार्गारेट अ‍ॅटवूड यांनी २००५ च्या ‘पेनेलोपिअ‍ॅड’मध्ये या दासींना वृंदगानाचा आवाज दिला. विल्सन यांनी त्या गुलाम होत्या, त्यांना नकार देण्याची मुभा नव्हती, ही गोष्ट भाषांतरातच स्पष्ट केली. हे आक्षेप बाहेरून लादलेले नाहीत. चोविसाव्या सर्गात, मारल्या गेलेल्या अँटिनूसचा पिता यूपायथीस इथाकेच्या सभेत उभा राहतो. याने आमची गलबते नेली आणि घालवली, माणसे नेली आणि घालवली, आता परत येऊन उरलेल्यांतील उत्तम तरुण मारले, हा त्याचा अभियोग. सभेतील कोणीही हा हिशेब खोटा ठरवीत नाही. चकमक होते, यूपायथीस मारला जातो, आणि अखेरीस अथीनेला मध्ये पडून शांतता घडवून आणावी लागते.

नायकाच्या गौरवासाठी रचलेल्या महाकाव्याने त्याच्याविरुद्धचे हे आरोपपत्र आपल्या अखेरच्या सर्गात जपून ठेवले आहे. पिंडार, सोफोक्लीज, व्हर्जिल, दान्ते, होर्कहायमर-अडोर्नो, अ‍ॅटवूड यांनी मांडलेला प्रत्येक आक्षेप बीजरूपाने यूपायथीसच्या भाषणात सापडतो. आणि अथीना, स्टोइक, टेनिसन, जॉइस, लेव्ही यांनी दिलेली प्रत्येक दादही मूळ काव्यात आधार शोधू शकते. म्हणून ओडिसियसचे कौतुक करणे ही चूक नव्हे. गलबते न मोजता केलेले कौतुक अपुरे. ‘पॉलिट्रोपॉस’ला मराठी प्रतिशब्द शोधणाऱ्याने जसे अथीनेचे हसू ऐकले पाहिजे, तसे इथाकेच्या सभेत उभ्या राहिलेल्या त्या पुत्रहीन पित्याचे बोलणेही शेवटपर्यंत ऐकून घेतले पाहिजे.